सहलीला निघालेल्या नौका आणि उशिरा पोहोचलेले नियम

१/
१५ जून १९०४, बुधवार. न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीतून ‘जनरल स्लोकम’ ही लाकडी आगबोट सहलीला निघाली होती. ‘लिट्ल जर्मनी’ या वस्तीतील सेंट मार्क्स या ल्यूथरन चर्चने वार्षिक सहलीसाठी ती भाड्याने घेतली होती. नौकेवर सुमारे १,३५० माणसे होती. कामाचा दिवस असल्याने त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. बँड वाजत होता, मुले कठड्याशी गर्दी करून होती.

२/
कागदोपत्री ही नौका सुरक्षित होती. लाइफ जॅकेटे होती, जीवरक्षक होड्या होत्या, आग विझवण्याचे नळ होते. अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी, मे महिन्यात, सरकारी निरीक्षकाने तिची तपासणी करून प्रमाणपत्र दिले होते. त्या सकाळी ज्या ज्या साधनांची गरज पडली, त्यांतील जवळजवळ प्रत्येक साधन निकामी ठरले.

३/
नौकेच्या पुढील भागात, तळाशी असलेल्या दिव्यांच्या खोलीत आग लागली. खलाशांनी नळ जोडला, तेव्हा जुनाट कापडी नळ पाण्याच्या दाबाने फाटला. होड्या तारांनी जखडलेल्या होत्या आणि त्यांवर रंगाचे थर चढले होते. त्या जागच्या हलल्या नाहीत. आग लागल्यास काय करावे याचा सराव खलाशांकडून कधीच करवून घेतलेला नव्हता.

४/
उरली लाइफ जॅकेटे. ती बहुतेक १८९१ पासून, म्हणजे नौका बांधली गेली तेव्हापासून, उन्हापावसात टांगलेली होती. आतील बुचाचे लाकूड, म्हणजे कॉर्क, कुजून त्याचा भुगा झाला होता. आयांनी ती मुलांच्या अंगाला घट्ट बांधली आणि मुलांना पाण्यात सोडले. भुसा भरलेली ती पोती पाणी पिऊन जड झाली. नॉर्थ ब्रदर बेटाजवळ जळती नौका किनाऱ्याला लागेपर्यंत अनर्थ पुरता घडून गेला होता. मृतांचा आकडा १,०२१ मानला जातो.

५/
याच प्रकरणाच्या चौकशीच्या काळात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. जॅकेटात ठरावीक वजनाचे कॉर्क असावे असा नियम होता. न्यू जर्सीतील एका उत्पादकाने कमी कॉर्क वापरून वजन भरण्यासाठी आत लोखंडाच्या कांड्या लपवल्या होत्या. तराजूवर नियम पाळला जात होता. तरंगण्यासाठी बनवलेल्या वस्तूत बुडवणारी वस्तू दडवून तो पाळला जात होता.

६/
कप्तान विल्यम व्हॅन शाइक याला १९०६ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्यावर सिद्ध झालेला मुख्य दोष म्हणजे सराव न घेणे. तो साडेतीन वर्षे तुरुंगात राहिला. पुढे १९१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्याला माफी दिली. नौकेच्या मालक कंपनीला तुलनेने किरकोळ दंड झाला.

७/
येथून एक प्रश्न उभा राहतो आणि तोच या धाग्याचा विषय आहे. नौकेवरील सुरक्षेचे शब्द, जसे की लाइफ जॅकेट, भाररेषा, डावी-उजवी बाजू, प्रवासी क्षमता, हे आज कोणत्याही बोटीवर दिसतात. ते आले कुठून? आणि नियम असूनही माणसे का बुडत राहिली?

८/
प्रथम जॅकेटाची कथा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खलाशाने पोहण्याचे साधन अंगावर घालणे ही सर्वमान्य गोष्ट नव्हती. अनेक खलाशांना पोहताही येत नसे. १८५४ मध्ये ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेचे निरीक्षक कॅप्टन जॉन रॉस वॉर्ड यांनी कॉर्कच्या तुकड्यांचे जॅकेट तयार केले. कॅनव्हासच्या बंडीवर कॉर्कचे अरुंद ठोकळे ओळीने शिवलेले असत. त्यामुळे वल्ही मारताना अंग वाकवता येई.

९/
तरीही ते जाड, अवजड आणि गैरसोयीचे वाटे. जुने, अनुभवी खलाशी ते टाळत. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात भयंकर वादळ झाले. तेथील जीवरक्षक नौका एकामागून एक जहाजांवरील माणसे सोडवत होती. त्या दिवशीच्या सहाव्या फेरीत ती उलटली. तेरा जणांपैकी बारा बुडाले.

१०/
वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन. त्या दिवशी नवे कॉर्क जॅकेट घालणारा तोच एक होता. पुढे फ्रीमन त्याच बंदरात वीसहून अधिक वर्षे जीवरक्षक नौकेचा तांडेल राहिला आणि त्याच्या हाताखालील नौकांनी ३०० हून अधिक माणसे वाचवली. व्हिटबीतील त्या एका दिवसाने जे पटवून दिले, ते अनेक वर्षांच्या सूचनांना जमले नव्हते.

११/
विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्कच्या जागी कपोक आला. कपोक म्हणजे उष्ण प्रदेशातील पांढऱ्या सावरीच्या बोंडांतील तंतू. तो वजनाला हलका असतो आणि मेणचट असल्याने सहजी भिजत नाही. त्यानंतर कृत्रिम फेस आणि हवेने फुगणारी जॅकेटे आली. द्रव्य बदलत गेले, तरी कसोटी एकच राहिली. बेशुद्ध माणसाचेही तोंड पाण्याच्या वर राहिले पाहिजे.

१२/
दुसरा शब्द: भाररेषा. नौका रिकामी असते तेव्हा पाण्याच्या वर बरीच उंच दिसते. माल किंवा माणसे चढतात तशी ती खाली बसते. पाण्याच्या पातळीपासून डेकपर्यंत उरलेल्या उंचीला फ्रीबोर्ड म्हणतात. ही उंची जितकी कमी, तितकी लाट आत येण्याची शक्यता अधिक. हे साधे सत्य प्रत्येक खलाशाला ठाऊक होते. कायद्याला ते ठाऊक व्हायला १८७० चे दशक उजाडावे लागले.

१३/
ब्रिटनमध्ये तेव्हा ‘शवपेटी जहाजे’ हा शब्द रूढ होता. जुनाट जहाज, क्षमतेपलीकडे भरलेला माल आणि वर भरभक्कम विमा. जहाज बुडाले तरी मालकाचे नुकसान होत नसे. खलाशाने अशा जहाजावर जायला नकार दिला, तर करारभंगाबद्दल तुरुंग ठरलेला असे. डर्बीचे खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी १८७३ मध्ये ‘अवर सीमेन’ हे पुस्तक प्रसिद्ध करून या व्यवहारावर बोट ठेवले.

१४/
२२ जुलै १८७५ रोजी सरकारने जहाजसुरक्षेचे विधेयक बाजूला सारले, तेव्हा प्लिमसोल यांचा संयम सुटला. भर सभागृहात त्यांनी जहाजमालक सदस्यांना दुष्ट ठरवले आणि सभापतींनी सांगूनही शब्द मागे घेण्यास नकार दिला. पुढे त्यांनी माफी मागितली. तोवर लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषा रंगवणे बंधनकारक झाले.

१५/
मात्र या कायद्यात एक मोठी फट होती. रेषा असलीच पाहिजे, असे कायदा म्हणत होता. ती कोठे असावी, हे मालकावर सोपवलेले होते! कार्डिफच्या एका कप्तानाने ती थेट धुराड्यावर रंगवली, अशी आख्यायिका सांगितली जाते. रेषेची जागा कायद्याने ठरण्यासाठी १८९० साल उजाडले. शब्द मिळाला, पण त्याला अर्थ मिळायला चौदा वर्षे गेली.

१६/
आज मोठ्या जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ, त्यातून जाणारी आडवी रेघ आणि शेजारी शिडीसारख्या लहान रेघा दिसतात. गोडे पाणी, उष्ण कटिबंध, उन्हाळा, हिवाळा, उत्तर अटलांटिकचा हिवाळा यांसाठी त्या निरनिराळ्या असतात. गोड्या पाण्याची घनता कमी, म्हणून त्यात जहाज अधिक खोल बसते. वादळी हिवाळ्यात कमी भार वाहावा लागतो, म्हणून ती रेघ खाली असते.

१७/
जुन्या ब्रिटिश खुणांत ‘इंडियन समर’ अशी एक स्वतंत्र रेघही होती. सुएझ ते सिंगापूर या टापूत, समुद्र शांत असलेल्या ऋतूत, किती भार चालेल हे ती सांगे. पावसाळ्यातील आणि हिवाळ्यातील हिंदी महासागर हे जणू दोन वेगळे समुद्र आहेत, ही गोष्ट कोकणातील तांडेलाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. लंडनच्या कायद्याने ती एका रेघेत मान्य केली. १९३० च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर तिची जागा उष्ण कटिबंधाच्या रेघेने घेतली.

१८/
तिसरा शब्द: डावे आणि उजवे. नौकेवर ‘डावीकडे’ म्हणणे घातक ठरू शकते. पुढे तोंड केलेल्याचे डावे आणि मागे तोंड केलेल्याचे डावे वेगळे असते. म्हणून नौकेच्या बाजूंनाच नावे दिली गेली. जुन्या युरोपीय नौकांचे सुकाणू-वल्हे उजव्या बाजूस असे. सुकाणूची बाजू ती ‘स्टारबोर्ड’. वल्हे धक्क्यावर आपटू नये म्हणून नौका डाव्या बाजूने धक्क्याला लागे. ती ‘लारबोर्ड’.

१९/
स्टारबोर्ड आणि लारबोर्ड. वादळात कोणी ओरडून सांगितले, तर या दोन शब्दांत फरक तो काय कळणार? १८४४ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘लारबोर्ड’ रद्द करून ‘पोर्ट’ हा शब्द सक्तीचा केला. दोन वर्षांनी अमेरिकी आरमारानेही तेच केले. डावीकडे लाल दिवा आणि उजवीकडे हिरवा, ही पद्धतही त्याच शतकात स्थिरावली. अंधारात समोरून येणाऱ्या नौकेचा कोणता दिवा दिसतो, यावरून तिचे तोंड कोणीकडे आहे ते कळते.

२०/
पण दोन नौका समोरासमोर आल्या, तर कोणी कोणीकडे वळायचे? ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही चाकांची आगबोट सहलकरूंना घेऊन थेम्स नदीतून लंडनकडे परतत होती. समोरून ‘बायवेल कॅसल’ हे कोळसावाहू जहाज येत होते. एकाने दुसऱ्याचा मार्ग ओळखण्यात चूक केली. दुसऱ्याने ती सुधारण्यासाठी ऐनवेळी दिशा बदलली.

२१/
टक्कर झाली आणि काही मिनिटांत ‘प्रिन्सेस ॲलिस’ दुभंगून बुडाली. ६०० हून अधिक माणसे मेली. त्याच भागात शहराचे सांडपाणी थोड्याच वेळापूर्वी नदीत सोडण्यात आले होते. घाणीत पडलेल्यांपैकी पोहता येणारेही जगले नाहीत. त्यानंतर थेम्सवर समोरासमोर येणाऱ्या जहाजांनी परस्परांना डाव्या बाजूने ओलांडावे, असा नियम ठाम झाला. नदी-पोलिसांना वाफेच्या वेगवान नौका मिळाल्या.

२२/
आजचे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. तेलवाहू महाजहाजापासून हौशी माणसाच्या शिडाच्या होडीपर्यंत सर्वांना ते बंधनकारक आहेत. त्यांतील पाचवा नियम सर्वांत साधा आहे. प्रत्येक नौकेने सदैव डोळ्यांनी आणि कानांनी टेहळणी ठेवली पाहिजे. यंत्रे कितीही आली, तरी हा नियम वगळला गेलेला नाही.

२३/
आता दुसऱ्या प्रकारचे अपयश पाहू. ‘जनरल स्लोकम’वर नियम मोडला गेला होता. ‘टायटॅनिक’वर नियम पाळला गेला होता! ब्रिटिश नियमांनुसार जीवरक्षक होड्यांची संख्या जहाजाच्या टनांवर ठरे, माणसांच्या संख्येवर नव्हे. त्या तक्त्यातील सर्वांत वरची पायरी १०,००० टनांची होती आणि तिला १६ होड्या पुरत होत्या. ‘टायटॅनिक’ होते ४६,००० टनांहून मोठे.

२४/
त्यावर १६ ऐवजी २० होड्या होत्या. म्हणजे नियमापेक्षा अधिकच. त्यांत १,१७८ माणसे मावत. जहाजावर होती सुमारे २,२००. एप्रिल १९१२ मध्ये सुमारे १,५०० जण मेले. जहाजे वाढत गेली होती, तक्ता मात्र १८९४ चाच राहिला होता. जानेवारी १९१४ मध्ये लंडनला सागरी जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येक माणसासाठी होडीत जागा, हे त्याचे सूत्र होते.

२५/
येथे इतिहासाने एक क्रूर वळण घेतले. २४ जुलै १९१५. शिकागो नदीच्या धक्क्याला ‘ईस्टलँड’ ही आगबोट बांधलेली होती. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे कामगार कुटुंबांसह सहलीला निघाले होते. अडीच हजारांवर माणसे चढली. ही नौका आधीपासूनच डगमगती म्हणून ओळखली जात होती. ‘टायटॅनिक’नंतरच्या वातावरणात, त्याच महिन्यात, तिच्या वरच्या भागात आणखी होड्या आणि तराफे बसवण्यात आले होते.

२६/
याचा अर्थ समजण्यासाठी स्थैर्याचे गणित पाहावे लागते. नौकेचे वजन तळाशी असेल, तर ती कललेली पुन्हा सरळ होते. वजन वर गेले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि सरळ करणारी ओढ कमी होते. एका मर्यादेपलीकडे तीच ओढ नौकेला आणखी कलवू लागते. डोक्यावर हंडा घेतलेला माणूस आणि कमरेला ओझे बांधलेला माणूस घसरड्या वाटेवर चालू लागले, तर आधी कोण पडेल, असाच हा प्रश्न आहे.

२७/
‘ईस्टलँड’ धक्क्याला दोर बांधलेल्या अवस्थेतच एका कुशीवर झोपली. तेथे नदी जेमतेम वीस फूट खोल होती आणि किनारा हाताच्या अंतरावर होता. तरीही ८४४ जण मेले. कित्येक कुटुंबांत मागे कोणी उरले नाही. नव्या होड्यांपैकी एकही वापरायला सवड मिळाली नाही. माणसे वाचवण्यासाठी चढवलेल्या वजनाने आधीच नाजूक असलेला तोल आणखी ढळवला होता.

२८/
खटला वीस वर्षे रेंगाळला. १९३५ मध्ये न्यायालयाने मालकांना जबाबदारीतून मोकळे केले आणि तळाच्या पाण्याच्या टाक्या हाताळणाऱ्या अभियंत्यावर ठपका ठेवला. नौका मात्र पाण्यातून काढून, दुरुस्त करून, ‘विल्मेट’ या नावाने अमेरिकी आरमारात दाखल झाली होती. सुरक्षा साधनांची संख्या वाढवताना नौकेचा तोल पुन्हा मोजला पाहिजे, हा धडा ८४४ जिवांनंतर शिकला गेला.

२९/
मोठ्या जहाजांचे नियम असे घडले. हौशी नौकांचे काय? सागरी जीवितरक्षणाचा करार व्यापारात नसलेल्या सहलीच्या खासगी नौकांना लागू नाही. तेथे प्रत्येक देशाला स्वतःचा कायदा करावा लागला. अमेरिकेत १९१० च्या मोटरबोट कायद्याने दिवे, भोंगा आणि माणशी एक तरंगते साधन बंधनकारक केले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी छोट्या यांत्रिक होड्या आल्या आणि १९५८ मध्ये त्यांना क्रमांक देण्याची पद्धत लागू झाली.

३०/
खरा बदल १९७१ च्या संघीय नौकासुरक्षा कायद्याने झाला. तोवर बहुतेक नियम नौका चालवणाऱ्यावर होते. आता नौका बनवणाऱ्यावरही जबाबदारी आली. वीस फुटांखालील बहुतेक यांत्रिक होड्यांवर क्षमता-फलक लावणे आवश्यक झाले. त्यावर किती माणसे, किती वजन आणि किती अश्वशक्तीचे इंजिन चालेल, ते लिहिलेले असते. अशा अनेक होड्यांत फेस भरून त्या उलट्या न होता, पाण्याने भरल्या तरी सपाट तरंगतील, अशी रचना करावी लागली.

३१/
एप्रिल २०२१ पासून तेथे आणखी एक नियम आला. २६ फुटांखालील ज्या होड्यांना इंजिन बंद करणारा दोर असतो, त्यांच्या चालकाने होडी वेगात असताना तो अंगाला अडकवणे सक्तीचे झाले. चालक पाण्यात पडला की दोर खेचला जातो आणि इंजिन थांबते. अन्यथा रिकामी होडी गोल फिरून पडलेल्या माणसावरच येते. अनेक नौकांवर हे साधन आधीपासून होते. ते वापरण्याचा नियम नव्हता.

३२/
आता मुंबई. १७ जुलै १९४७, आषाढातील दीप अमावास्या. स्वातंत्र्याला एक महिना उरला होता. भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट रेवसकडे निघाली. सणासाठी गावी निघालेल्या कोकणी माणसांची गर्दी होती. सुमारे सातशे प्रवासी होते. मुंबईचे बंदर मागे पडल्यावर वारा आणि पाऊस वाढला. काशाच्या खडकाच्या आसपास एका मोठ्या लाटेने नौका कलली. घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि तिचा तोल पुरता गेला.

३३/
नौकेवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईला कित्येक तास काही कळलेच नाही. धक्क्यापासून काही मैलांवर माणसे लाटांशी झगडत होती आणि शहर आपल्या कामात होते. रेवसच्या बाजूच्या कोळी बांधवांनी आपले मचवे खवळलेल्या समुद्रात घालून अनेकांना बाहेर काढले. ६०० हून अधिक जण बुडाले. कोकणातील कित्येक गावांत त्या अमावास्येची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

३४/
‘रामदास’मध्ये या धाग्यातील जवळजवळ सर्व शब्द एकत्र येतात. गर्दी म्हणजे क्षमता. पावसाळा म्हणजे भाररेषेचा ऋतू. एका बाजूला धावलेली माणसे म्हणजे सरकलेला गुरुत्वमध्य. नसलेले संदेशयंत्र म्हणजे न पोहोचलेली मदत. आज गेटवे ते मांडवा ही साध्या प्रवासी बोटींची फेरी पावसाळ्यात बंद असते. सुट्टीच्या दिवशी अनेकांना तो केवळ त्रास वाटतो. त्या निर्णयामागे असा समुद्र आहे.

३५/
भारतात अंतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठी १९१७ चा कायदा शंभराहून अधिक वर्षे चालला. तो मूळचा वाफेच्या नौकांसाठी होता आणि अंमलबजावणी प्रांतागणिक वेगळी होती. २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय नौका कायदा आला. नोंदणी, तपासणी, चालकांची पात्रता, विमा आणि जीवरक्षक साधने यांसाठी देशभर एकसारखी चौकट त्याने घालून दिली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे काम १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते.

३६/
तरीही जुनी दृश्ये परत येतात. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळच्या थेक्कडी येथे पर्यटकांची दुमजली नौका उलटून ४५ जण मेले. वन्यप्राणी पाहण्यासाठी माणसे एका बाजूला झुकली, असे तेव्हाच्या वर्णनांत आहे. ७ मे २०२३ रोजी केरळच्याच तानूर येथे सूर्यास्तानंतर निघालेली, क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेली सहलीची नौका उलटली आणि २२ जण मेले. ती मूळची मासेमारीची नौका होती. ‘ईस्टलँड’चे गणित शंभर वर्षांत बदललेले नाही.

३७/
१८ डिसेंबर २०२४. गेटवेहून घारापुरीकडे शंभरहून अधिक प्रवाशांना घेऊन निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. एकूण १५ जणांचा मृत्यू झाला. बहुतेक प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींत प्रत्येक प्रवाशाने ते घालणे सक्तीचे करण्यात आले.

३८/
सव्वाशे वर्षांच्या या प्रवासात अपयशाचे तीन प्रकार दिसतात. नियम असतो, पण साधन कुजलेले असते, ते ‘स्लोकम’. नियम पाळलेला असतो, पण नियमच जुना झालेला असतो, ते ‘टायटॅनिक’. नवा नियम पाळण्याच्या घाईत नौकेचा तोल विसरला जातो, ते ‘ईस्टलँड’. ‘रामदास’ आणि तानूर चौथ्या प्रकाराकडे बोट दाखवतात. तेथे प्रश्न साधा होता: या बोटीत आणखी माणसे घ्यावीत का? त्याचे उत्तर धक्क्यावरच द्यायचे होते.

३९/
म्हणून बोटीत चढताना पाहण्याजोग्या गोष्टी फार नाहीत. क्षमतेचा फलक आणि प्रत्यक्ष गर्दी. जॅकेट हाताशी आहे की टपावर दोरीने बांधून ठेवले आहे. त्याचे पट्टे आणि बंद शाबूत आहेत का. बोट एका अंगाला झुकली आहे का. सेल्फीसाठी सगळे एका कठड्याशी धावत आहेत का. फलकापेक्षा माणसे अधिक दिसली, तर पुढच्या बोटीची वाट पाहणे हा प्रवाशाचा हक्क आहे.

४०/
व्हिटबीच्या संग्रहालयात हेन्री फ्रीमनची आठवण आजही जपलेली आहे. १८६१ च्या त्या फेब्रुवारीत तेरा माणसे एकाच नौकेतून, एकाच समुद्रात गेली होती. त्यांच्यापैकी बारा जणांना ते जॅकेट अवजड वाटले होते.

(समाप्त)